वालावलकरबाईंचं तिसरं खाचर

वालावलकरबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माती खात होत्या.

अगदी पोटभर नव्हे. पनवेलच्या एस.टी. स्टँडवर बाकड्यावर बसल्या होत्या, मांडीवर जस्ताची पेटी उघडी होती. पुडीतली चिमूटभर माती जिभेवर ठेवायच्या, डोळे मिटून क्षणभर थांबायच्या, रुमालात थुंकायच्या आणि पुढची पुडी उघडायच्या. समोर शेंगा विकणारी बाई पदर तोंडाशी धरून बघत राहिली होती. विद्यापीठातून संशोधनासाठी येणाऱ्या एका विदुषींना उतरवून घ्यायला मला पाठवलं होतं. मी मनातल्या मनात म्हणालो, देवा, या नसू देत. त्याच होत्या.

“लेले ना? स्थापत्य विभाग?” चष्मा कपाळावर सरकवून त्या म्हणाल्या. “ही स्टँडमागच्या ओढ्याची माती. बिलकूल खारट नाही. गाडी लवकर पोचली, म्हटलं नुसतं बसून काय करायचं?”

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी मूळचा पनवेलचा, मुंबईला इंजिनिअरिंग शिकून तिथेच डेमॉन्स्ट्रेटर म्हणून चिकटलो होतो. विद्यापीठात त्या सुमारास एक टूम निघाली होती की विज्ञान, इंजिनिअरिंग आणि अर्थशास्त्र या तिन्ही विभागांनी मिळून एखादं संशोधन करावं. टूम काढणाऱ्यांनी ती काढली आणि ते आपापल्या खुर्चीत जाऊन बसले. काम करायला उरल्या वालावलकरबाई. विषय ठरला खार जमिनीचा. आमच्या पनवेल-उरणच्या खाडीकाठाला लोकांनी मातीचे बांध घालून समुद्राचं पाणी अडवलेलं आहे. बांधाच्या आतली जमीन दिसते छान, पण तिच्यात मीठ मुरलेलं, भात धड पिकत नाही. ते मीठ पावसाच्या गोड्या पाण्याने धुऊन काढता येईल का, हा रसायनाचा प्रश्न. ते पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं आणि भरतीला समुद्र आत येऊ द्यायचा नाही, त्यासाठी बांध आणि त्यातली उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, कशी बांधायची, हा आमचा इंजिनिअरांचा प्रश्न. आणि एवढं सगळं करून घरच्या माणसाला ते परवडतं का, की त्यानं आपलं मुकाट्यानं मिठागरावर मजुरीला जावं, हा अर्थशास्त्राचा.

बाई अर्थशास्त्र शिकवायच्या, पण त्यांची पहिली पदवी रसायनातली. त्यामुळे रसायनवाले त्यांना अर्थशास्त्राच्या समजत, अर्थशास्त्रवाले रसायनाच्या समजत आणि आमचे इंजिनिअर त्यांना नुसतं ‘त्या बाई’ म्हणत. तिन्ही विभागांच्या बैठकीत त्यांना खुर्ची मिळायची ती दाराजवळची. बाईंना त्याचं काही वाटत नसे. दाराजवळ बसलं की गाडी गाठायला लवकर निघता येतं, असं म्हणायच्या.

गाडीचं त्यांना भारी वेड. वेळेच्या अर्धा तास आधी स्टँडवर हजर. मला आयुष्यात एकदाही गाडी सुटण्याआधी पोचायचं कारण कळलेलं नाही, त्यामुळे मी धावत पळत यायचो आणि बाई खिडकीतून छत्री बाहेर काढून कंडक्टरला थोपवून धरायच्या. छत्र्या त्यांच्याजवळ दोन असत. एक स्वतःवर धरायची, दुसरी मातीच्या पेटीवर. दोन्ही काळ्या, दोन्ही पुरुषी. अंगावर फिकट पाचवारी, पायात खाकी कॅनव्हासचे बूट. बाई मालवणकडच्या, बुटक्या, रंगाने सावळ्या, चाळिशी ओलांडलेल्या, लग्न केलेलं नव्हतं. जासईच्या गाडीत एकदा गर्दी होती आणि शेजारच्या सीटवर बाईंची पेटी.

“बाई, ही पेटी उचला की,” कंडक्टर म्हणाला. “काय आहे हिच्यात?”

“माती.”

“आणि माती सीटवर?”

“खाली हादरे बसतात हो. तिचे थर मिसळतात. तिकीट घेते ना तिचं.”

कंडक्टरनं क्षणभर विचार केला आणि पूर्ण घ्यावं की अर्धं, असं विचारलं. बाईंनी गंभीरपणे सांगितलं की वय मोजलं तर पूर्णच घ्यावं लागेल, ही काही आजकालची माती नाही. तेव्हापासून त्या गाडीत पेटीला कुणी हात लावला नाही.

बाईंचं एक वाक्य होतं, आणि त्या वाक्यापायी त्यांचं फारसं कुणाशी जमलं नाही. “आणि हे नसतं तर?” कुणी म्हणालं, अमुक तेलाने केस वाढले, तमुक शिकवणीमुळे मुलगा पास झाला, की बाई चष्मा वर सरकवून शांतपणे विचारायच्या, “आणि हे नसतं तर?” त्यात टोमणा नसायचा. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं असायचं, आणि म्हणूनच समोरचा जास्त चिडायचा.

आमच्या आईशीही त्यांचं यावरूनच वाजलं. कामाच्या दिवसांत बाई आमच्याकडे उतरत. एकदा त्यांना सर्दी झाली. आईने आलं, मिरी, गवती चहा घालून काढा दिला, सर्दी गेली, आणि आई कौतुकाच्या अपेक्षेने समोर उभी राहिली.

“बघा, काढ्याचा गुण.”

“आणि काढा नसता तर?”

“तर अजून शिंकत बसला असतात.”

“तेच तर कळायला मार्ग नाही ना, वहिनी. काढा घेतलेली मी आणि न घेतलेली मी, अशा दोघी जणी हव्या होत्या.”

पुढच्या वेळी बाई आणि मी दोघेही गळत्या नाकाने खाडीवरून परतलो, तेव्हा बाईंच्या डोळ्यांत चमक आली. आईला म्हणाल्या, “वहिनी, या खेपेला काढा मला द्या आणि लेल्यांना देऊ नका. मग बघू.” आई आत गेली. थोड्या वेळाने तिने मला चूल पेटलीय का बघायला म्हणून स्वयंपाकघरात बोलावलं आणि हातात पेला दिला. मी बाहेर आलो तर बाई हवेत वास घेत म्हणाल्या, “आलं.” मग आईकडे वळून, “वहिनी, का हो प्रयोग मोडलात?”

“माझ्या पोराला मी शिंकत का म्हणून ठेवू?” आई म्हणाली. “तुमची विद्या तुमच्यापाशी.”

बाई हसल्या. त्या वेळी आम्ही सगळेच हसलो.

प्रयोगाला मोरखार नावाचं खाडीकाठचं गाव निवडलं. जासईच्या वाटेवर गाडीतून उतरून बांधाबांधाने चालत जावं लागे. पूर्वेला लांबवर कर्नाळ्याचा सुळका दिसायचा, आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना चिखल. तिथल्या कान्हू म्हात्र्यांनी आपल्या पडीक खारातला तुकडा आम्हाला दिला. कान्हू उंच, हडकुळा, उन्हाळ्यात मिठागरावर काम करणारा आणि पावसाळ्यात जे पिकेल त्यावर भागवणारा माणूस. त्याची बायको जनाबाई पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. तिचा आवाज बांधाच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा. बाईंना ती ‘बाय’ म्हणायची, पहिल्याच दिवशी तिने बाईंच्या पुढ्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी ठेवली आणि बाई मालवणच्या असल्यामुळे दोघींची तिथेच गट्टी जमली. मी ताकभातवाला, माझ्यासाठी गूळ आला.

तुकड्यात आम्ही सारख्या मापाची तीन खाचरं आखली. तिन्हींत एकच बी. पहिल्यात पावसाचं पाणी तुंबवायचं आणि ओहोटीला उघाडीतून सोडायचं, असं पुन्हा पुन्हा करून मीठ धुवायचं. दुसऱ्यात तेच, शिवाय खत म्हणून ताग पेरून तो मातीत गाडायचा. आणि तिसऱ्या खाचराला हात लावायचा नाही. पेरून द्यायचं आणि विसरून जायचं. ते तिसरं खाचर म्हणजे बाईंचं ते वाक्यच होतं, जमिनीवर उतरवलेलं. आणि हे नसतं तर?

तीन वर्षं आम्ही आठवड्यातून दोनदा मोरखारला जात होतो. बाई माती चाखायच्या, मग प्रयोगशाळेत तपासायच्या, आणि दोन्ही जुळलं की लहान मुलीसारख्या खूश व्हायच्या. पावसात बाई घरोघर बसून कोण किती राबलं, काय खाल्लं, मिठागरावरची मजुरी किती बुडाली हे विचारायच्या. सगळ्याचं एकच पुस्तक व्हायला हवं, तीन विभागांचे तीन अहवाल करायचे नाहीत, हा त्यांचा हट्ट. “शेतकरी काय सोमवारी रसायन आणि मंगळवारी अर्थशास्त्र जगतो का?” असं त्या म्हणायच्या. बाईंना या कामावर प्राध्यापकपद मिळणार असं विद्यापीठात बोललं जाऊ लागलं. दाराजवळची खुर्ची सुटणार म्हणून मला आतून आनंद झाला होता.

पहिल्या वर्षी तिसऱ्या खाचरात जेमतेम पिकलं, म्हणजे सगळं रीतसर होतं. दुसऱ्या वर्षी ते बाकीच्या दोघांच्या बरोबरीला आलं. मी म्हटलं, पाऊस चांगला झाला. तिसऱ्या वर्षी कापणीआधी बांधावर उभे राहून पाहतो तर तिसरं खाचर पहिल्या दोघांच्या वर डोकं काढून उभं. लोंब्या भारानं वाकलेल्या. ज्याला आम्ही काहीच केलं नाही ते सर्वांत उत्तम पिकलं होतं, आणि ज्यांच्यासाठी मरमर मेलो ती दोन त्याच्यापुढे किरकोळ दिसत होती. तीन वर्षांच्या कामाचा अर्थ एवढाच निघत होता की काही करू नका, भात आपोआप पिकतं.

बाई खाली उतरल्या. चिमूटभर माती जिभेवर ठेवली. डोळे मिटले. मग वाकून मूठभर माती नाकाशी धरली.

“लेले, वास येतो का?”

“खाडीवर सगळ्यालाच वास येतो, बाई.”

“तुम्हा ताकभातवाल्यांना काय कळणार. हा सुका बोंबील आहे. कुटलेला.”

त्यांनी जनाबाईला हाक मारली. जनाबाई आली आणि बाईंच्या हातातली माती बघून पदराशी चाळा करू लागली. कान्हू मागे येऊन उभा राहिला.

“जनाबाय, ह्यात खत कुणी घातलं?”

कान्हूनं जनाबाईकडे पाहिलं. मग जनाबाईच पुढे झाली.

“तुमी रागवू नका, बाय. आमी वरीसभर बगितला. त्या दोगांना तुमी पानी पाजताव, खाऊ घालताव, हात फिरवताव. ह्या एकाला कायच नाय. आमी ह्याचा नावच ठेवला, सावतरी. तुमी गेल्यावं पोरां पन हसाची त्याला. मना बगवला नाय.”

“पानीपन आमीच सोरला,” कान्हू खाली बघत म्हणाला. “ओटी आली का त्याचापन बांध फोराचा, मंग परत घालाचा. म्हटला तुमचा एक खाचर ओसार राहिला तं मुंबैचे लोक तुमालाच बोलतील. पावनी मानसा तुमी. आमच्या गावात यून तुमची मान खाली नको.”

म्हणजे विकून उरलेली मासळी कुटून, पोरांच्या तोंडचा घास काढून, दोन वर्षं या माणसांनी आमचं काम मायेनं बुडवलं होतं. मला हसावं की रडावं कळेना, आणि खरं सांगायचं तर राग आला. बाईंनी मात्र एक भरलेली लोंबी तळहातावर घेतली. मग म्हणाल्या, “तुमच्या आईनं काढ्याच्या वेळीच मला सांगून ठेवलं होतं, लेले. मी नुसती हसले.”

पुढच्या आठवड्यात मुंबईला आमच्या प्रमुखांपुढे बसलो. गृहस्थ वाईट नव्हते, बाईंचं भलंच इच्छीत होते. आकडे पुढ्यात घेऊन ते म्हणाले, “यात अडचण काय आहे? पहिल्या दोन खाचरांचे आकडे सुंदर आहेत. तेवढेच छापू. तिसरं नव्हतंच असं समजा.”

“तिसरं नव्हतं, तर पहिली दोन माझ्या धुण्यानं पिकली की नुसत्या चांगल्या पावसानं, हे कोण सांगणार?”

“बाई, तसं कुणी विचारणार नाही.”

“मी विचारीन.”

प्रमुखांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पुढच्या महिन्यात मुलाखती आहेत. त्या वेळी तुमच्या हातात छापलेलं काम हवं. नसलं तर मी काहीही करू शकणार नाही, हे स्पष्ट सांगतो.”

“मग तेव्हा माझ्या हातात काही नसेल,” बाई म्हणाल्या. “मला पुन्हा तीन वर्षं द्या. पैसे नकोत, तिन्ही खाचरं आहेत, बांध आहे. फक्त लेले हवेत आणि गाडीभाडं.”

मला कुणी विचारलं नाही. जिन्यावरून उतरताना मी बाईंना म्हणालो, “बाई, अहो, आता आयुष्यभर दाराजवळचीच खुर्ची.” बाई एका पायरीवर थांबल्या. “मला ती जागा हवी होती हो, लेले. खूप हवी होती. पण ती घेऊन वर्गात उभं राहायचं आणि मुलांना विचारायचं, आणि हे नसतं तर? मला नाही जमणार.” ती जागा त्यांच्याहून बऱ्याच लहान माणसाला मिळाली. बाईंनी त्याचं अभिनंदन केलं, आणि दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी पनवेलच्या स्टँडवर हजर होत्या.

मोरखारला गेल्यावर त्यांनी गाव गोळा केलं नाही. जनाबाईच्या ओट्यावर बसल्या आणि तिचा मासळीचा तराजू मागितला. एका पारड्यात खापरीचा तुकडा ठेवला आणि दुसरं पारडं हाताने धरून वर उचललं.

“हे किती भरलं, सांग.”

“आता कसा सांगू? दुसरा पारडा तुमी धरलाय नं, बाय.”

“तसंच आहे ते तिसरं खाचर. ते सावत्र नाही, जनाबाय. ते माझं दुसरं पारडं आहे. ते होतं तसं राहिलं तरच पहिल्या दोघांत काय भर पडली ते कळणार. तू त्याला माया लावलीस आणि माझं पारडं धरून ठेवलंस.”

जनाबाई तराजूकडे बघत राहिली. “मंग त्यानं उपाशीच राव्हाचा?”

“तीन वर्षं.”

“तुमी बाय, कालजाच्या लय घट्ट.”

“हो,” बाई म्हणाल्या. “दुसरा इलाजच नाही.”

जनाबाईला ते पटलं, आणि मग मात्र आमची पंचाईत झाली. ज्या जोराने गावाने त्या खाचराला जेवू घातलं होतं, त्याच जोराने ते आता त्याला उपाशी ठेवू लागलं. पोरांना तिकडे फिरकायला बंदी. बगळे उतरले तर हाकलायचे, विष्ठेचं खत नको म्हणून. एकदा कान्हू बाजाराच्या दिवशी पनवेलला आमच्या दारात उभा. मी घाबरलो, म्हटलं बांध फुटला.

“मास्तर, बायना सांगा. म्हशीनं खाचरात शेन टाकला. आमी उचलला, पन थोरा वल्ला राहिलाय. कोपऱ्याला. आमी थय काठी रोवलीय.”

बाईंनी तो कोपरा मोजमापातून वगळला. त्याबद्दल कान्हूचे आभार मानले ते अगदी मनापासून.

दुसऱ्या वर्षाच्या आषाढात अमावस्येच्या उधाणाला बांधाला खांड पडली. खांड म्हणजे भगदाड. भर दुपारची भरती, वारा समुद्राकडून, आणि मी बांधलेल्या उघाडीच्या अगदी शेजारून माती धसायला लागली. खाडीचं पाणी आत आलं असतं तर आमचीच नव्हे, गावाची सगळी भातं गेली असती. बायाबाप्ये पाट्या, घमेली घेऊन धावले. नेऱ्याकडची डोंगराकडेची माणसं लावणीच्या कामाला आली होती, तीही आली. खांड बुजवायला चिकण माती हवी होती, आणि ती जवळात जवळ होती आमच्या तीन खाचरांत. कान्हू पाटी घेऊन काठाशी थांबला, बाईंकडे बघत. मीही थांबलो. ती खाचरं खणायची म्हणजे पुन्हा सगळं संपलं.

“बघताय काय, घ्या,” बाई ओरडल्या. त्यांनी छत्री केव्हाच फेकली होती. “पण तिन्हींतून सारखी घ्या. वरची चार बोटं, तिन्हींतून. एकातून जास्त नको.”

वरून पाऊस, समोरून समुद्र, आणि माणसं ओळीने तीन खाचरांतून पाळीपाळीने पाट्या भरत होती. कुणी चुकून पहिल्यातून दोनदा भरली तर जनाबाई तिथून ओरडायची, “ए, आता सावतरीचा घे. बायचा पारडा हाय.” डोंगराकडच्या माणसांना हे काय चाललंय ते कळलं नाही, पण त्यांनी तसंच केलं. मी उघाडीच्या दारावर खांदा लावून उभा होतो आणि मला त्या क्षणी इतकं हसू येत होतं की हातातलं बळ जाईल की काय असं वाटलं. ओहोटी लागली, खांड बुजली. बाई गुडघाभर चिखलात उभ्या राहून तिन्ही खाचरांची खोली काठीने मोजत होत्या. सारखी होती.

तिसऱ्या वर्षी कापणीच्या आधी बांधावर पोचलो तेव्हा पहिली दोन खाचरं पिवळी झाली होती. तिसऱ्यात चार काड्या होत्या, आणि त्यांच्या लोंब्या दाबून पाहिल्या तर पोकळ. जमिनीवर पांढरी मिठाची साय आलेली. गावातली माणसं आमच्या आधीच जमली होती. मयताला येतात तशी आली होती. जनाबाईच्या डोळ्याला पदर होता.

बाई तिसऱ्या खाचरात उतरल्या, माती चाखली, आणि पेटीतून पेढ्यांचा पुडा काढला. पेढे पनवेलहून घेऊनच निघाल्या होत्या. सगळ्यांच्या हातावर एकेक ठेवत गेल्या. एक म्हातारे गृहस्थ पेढा हातात धरून मला हळूच म्हणाले, “मास्तर, बायना घरा न्या. त्यांचा डोका फिरला वाटता.”

पुस्तक एकच निघालं. रसायन, बांधकाम आणि घरखर्च एकाच पुठ्ठ्यात. त्यावर तिन्ही विभागांच्या माणसांची नावं होती, त्यांत बाईंचं तिसरं. मीठ धुता येतं, बांध असा बांधावा, आणि घरची माणसं इतकी राबली तर मिठागरापेक्षा भात परवडतं, हे कुणालाही खोडता आलं नाही, कारण तिसरं खाचर होतं. आमच्याकडच्या खाडीवर पुढे अनेक गावांनी त्या रीतीने जमिनी धुतल्या. बाईंचं नाव त्यांच्यापैकी कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. प्राध्यापकपद पुन्हा निघालंच नाही. बाईंनी मालवणच्या खाली, शिरोड्याच्या बाजूला, तिथल्या खार जमिनीवर काम करायचं ठरवलं आणि विद्यापीठ सोडलं.

निघण्याआधी त्या एकदा मोरखारला निरोप घ्यायला आल्या. मी बरोबर होतो. बांधावरून चालताना मी त्यांना म्हटलं, “बाई, त्या वेळी दोनच खाचरं छापली असतीत, तर?” त्यांचंच वाक्य मी त्यांना परत केलं होतं आणि स्वतःवर खूश झालो होतो.

बाईंनी खरोखर विचार केला. “सांगता येणार नाही, लेले. त्याला आणखी एक वालावलकरबाई लागली असती. माणसाला तिसरं खाचर नसतं.” थोडं चालून त्या म्हणाल्या, “पण झोप लागते मला.”

कान्हूच्या घरी जेवण झालं. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणजे बाईंच्या हिशेबाने आम्हाला उशीर झाला होता. मी पेटी उचलली. बाई उठल्या आणि जनाबाईला म्हणाल्या, “बोंबील कुटलेले आहेत का?”

जनाबाई बघतच राहिली. मग आत गेली आणि पाटी भरून घेऊन आली. बाईंनी ती कमरेवर घेतली आणि बांधावरून चालू लागल्या. मागून जनाबाई, कान्हू, त्यांची पोरं, आणि हळूहळू अर्धं गाव. तिसऱ्या खाचराशी आल्यावर बाईंनी ते खाकी बूट काढून काठावर ठेवले, पदर खोचला आणि आत उतरल्या. पहिली मूठ टाकताना त्यांचा हात थांबला. इतकी वर्षं जिथे कणभर खत राहू दिलं नव्हतं, तिथे त्या स्वतः पाटी घेऊन उभ्या होत्या. मग त्यांनी मूठ सोडली.

“घाला रे,” त्या मागे न बघता म्हणाल्या. “सगळे घाला. खूप दिवसांचं उपाशी आहे ते.”

मला दुसऱ्या दिवशी वर्ग होता, मी गाडी गाठली. कंडक्टरनं पेटीचं तिकीट फाडलं आणि “बाई कुठे?” म्हणून विचारलं. मी काही सांगेपर्यंत त्याने गाडी थांबवून धरली. रस्त्यावरून बांध दिसत होता. सगळी माणसं खाचरात होती, पाटीवर पाटी येत होती, आणि मधोमध ती बुटकी मूर्ती वाकून दोन्ही हातांनी माती कालवत होती. कान्हूने रस्त्याकडे हात करून त्यांना गाडी दाखवली. बाईंनी मान वर करून पाहिलं, चिखलाचा हात ‘जा, जा’ असा हलवला आणि पुन्हा वाकल्या.

कंडक्टरनं घंटी दिली. इतक्या वर्षांत वालावलकरबाईंनी चुकवलेली ती एकच गाडी.